भूकंपाची रंगीत तालीम

आष्टी हे नाव काढले की इतिहासप्रिय वाचकांस सोलापूरकडील आष्टी आठवते, आणि १८१८ सालच्या फेब्रुवारीत तेथे धारातीर्थी पडलेले सेनापती बापू गोखले आठवतात. आम्ही आज जिच्याविषयी लिहीत आहोत ती आष्टी निराळी. ती जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आहे. मराठवाड्यातील शेकडो गावांची प्रतिनिधी म्हणून आम्ही तिची निवड केली आहे. वर काळी कसदार जमीन, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. जुन्या वस्तीत दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवर मातीचे माळवद, नव्या वस्तीत सिमेंटचे स्लॅब. अशी या बाजूच्या गावांची सर्वसाधारण ठेवण असते. अशा गावाची भूमी उद्या एकाएकी हलू लागली तर घरांचे काय होईल, आणि भूमी हलण्यापूर्वीच ते कळण्यास काही उपाय आहे काय, हा आजच्या लेखाचा विषय होय.

दख्खनचा काळा पाषाण हलत नसतो, अशी आपल्या लोकांची पिढ्यान्पिढ्या समजूत होती. आणि नवल असे की, शास्त्रज्ञांचे मतही तिच्याहून फारसे वेगळे नव्हते. हे पठार म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जुना, थंडावलेला व स्थिरावलेला भाग, असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाई. १९८४ सालच्या भारतीय मानक नकाशात देशाचे धोक्याच्या मानाने पाच विभाग पाडले होते. त्यांपैकी सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात किल्लारी गाव मोडत होते. पुढे नऊच वर्षांनी त्या गावाचे काय झाले, हे वाचकांस सांगावयास नको.

शेषाची मान आणि इंजिनिअरचा प्रश्न

भूकंपाचे कारण काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. शेषाने मान हलविली की धरणी कापते, ही कथा घरोघरी वडीलधारी मंडळी सांगतात. वराहमिहिराने तर आपल्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांस एक स्वतंत्र अध्याय दिला असून, पृथ्वी धारण करणारे दिग्गज थकून सुस्कारा टाकतात इथपासून वाऱ्यांची परस्परांशी टक्कर होते इथपर्यंत निरनिराळ्या आचार्यांची मते त्यात नोंदविली आहेत. आजचे शास्त्र सांगते की, भूगर्भातील खडकांत वर्षानुवर्षे ताण साठत जातो, तो असह्य झाला म्हणजे खडक एखाद्या जुन्या भेगेवर एकदम सरकतो, आणि त्या हिसक्याच्या लाटा चोहोकडे पसरतात.

परंतु घर किंवा धरण बांधणाऱ्या इंजिनिअरचे एवढ्याने भागत नाही. भूकंप कोणत्या तिथीस व कोणत्या घटकेस होईल हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इंजिनिअरचा प्रश्न वेगळाच आहे. तो विचारतो, “भूकंप झालाच, तर माझ्या पायाखालची जमीन प्रत्येक क्षणी कोणत्या दिशेस, किती जोराने आणि किती वेळ हलेल?” हे कळले तरच भिंतीवर येणारा भार त्याला मोजता येतो.

हा ‘जोर’ म्हणजे काय, ते थोडे समजून घेतले पाहिजे. उभ्याने प्रवास करीत असता एस.टी. एकदम सुटली की आपण मागे कोलमडतो. गाडीचा वेग ज्या झपाट्याने बदलतो त्यास प्रवेग म्हणतात, आणि आपल्याला पाडतो तो हा प्रवेग. भूकंपात जमीन ही अशीच गाडी बनते. मात्र ती एका सेकंदात अनेक वेळा पुढे-मागे हिसके देते. हा प्रवेग पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणात मोजण्याचा प्रघात आहे. प्रवेग गुरुत्वाच्या शेकडा २० असला, तर शंभर किलो वजनाच्या दगडावर वीस किलोचा आडवा रेटा येतो.

आता हाच हिशेब माळवदास लावून पाहू. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर असेल, तर त्या मातीचेच वजन पाच टनांहून अधिक भरते. शेकडा २० प्रवेगाने त्यावर एक टनाहून जास्त आडवा रेटा येईल, आणि तोही एकदा डावीकडून तर लगेच उजवीकडून. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे, पापड-कुरडया वाळविण्यास उपयोगी पडणारे हे माळवद भूकंपाच्या वेळी मात्र निजलेल्या माणसांच्या उरावरचे ओझे ठरते.

कोयनेचे भाग्य, किल्लारीचे दुर्दैव

महाराष्ट्राने गेल्या साठ वर्षांत दोन मोठे भूकंप पाहिले. पहिला कोयनानगरचा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा खिळखिळी झाली. परंतु या आपत्तीत शास्त्राच्या दृष्टीने एक भाग्याची गोष्ट घडली. कोयनेच्या १०३ मीटर उंचीच्या धरणात, भिंतीच्या आतील एका बोळात, जमिनीचा प्रवेग क्षणाक्षणाला टिपणारे यंत्र बसविलेले होते. आणि ते त्या पहाटे चालले. त्याच्या नोंदीप्रमाणे धरणाच्या लांबीच्या दिशेने प्रवेग गुरुत्वाच्या शेकडा ६३ पर्यंत गेला, आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने शेकडा ४९ पर्यंत. धरणाचा आराखडा करताना धरलेला आकडा होता शेकडा ५!

धरण उभे राहिले. परंतु पाण्याखाली न जाणाऱ्या त्याच्या बाजूच्या उंच भागांत, जेथे मागील बाजूचा उतार एकदम बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून पुढे त्या भागांस पाठीमागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. कोयनेच्या यंत्राने काढलेल्या त्या वेड्यावाकड्या रेषा मग जगभर गेल्या. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी गणिताने दाखवून दिले की, या नोंदीप्रमाणे धरण हलविले तर ताण नेमका त्याच जागी, उतार बदलतो तेथेच, साठतो. धरणाचे नवे गणित बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी आजही देशोदेशीचे इंजिनिअर त्यास कोयनेची नोंद घालून पारखतात. सोनाराच्या कसोटीचा दगड असावा तशी ती नोंद आहे.

दुसरा भूकंप किल्लारीचा, आष्टीच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरवरचा. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपतीचे विसर्जन आटोपून दमलेली मंडळी गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. परंतु त्याचे मूळ जमिनीखाली अगदी थोड्या खोलीवर होते, आणि वर होती दगडमातीची घरे. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे भुईसपाट झाली आणि आठ ते दहा हजार जीव गेले. मातीत घडविलेल्या त्या रुंद भिंतींना दोन्ही अंगांनी दगड रचलेले, आणि मध्ये चिपा व माती भरलेली. दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली, भिंत फुगून फुटली, आणि माळवद खाली आले.

या वेळी मात्र त्या भागात जमिनीचा प्रवेग टिपणारे यंत्र नव्हते. एवढा मोठा संहार झाला. पण त्या काही सेकंदांत भूमी नेमकी कशी हलली याची नोंद राहिली नाही. तज्ज्ञांना ती हालचाल ढिगाऱ्यांवरून आणि दूरच्या वेधशाळांतील नोंदींवरून अनुमानाने शोधावी लागली. पुढे किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेतले तेव्हा काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरवर संपून खाली त्याहून पुरातन खडक लागला. आपण ज्याला अढळ म्हणत होतो तो पाषाण या मानाने एक पांघरूण आहे. खरी हालचाल त्याच्याही खाली असते.

मग आष्टीसारख्या गावी, जेथे मोठ्या भूकंपाची अशी नोंद हाताशी नाही, इंजिनिअरने काय करावे? पुढील भूकंपाची वाट पाहत बसावे, हे तर तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे. यावर शास्त्राने जो मार्ग काढला आहे तो नाटकवाल्यांच्या चांगला परिचयाचा आहे. प्रयोगापूर्वी ते रंगीत तालीम घेतात. सारे सोंग, सारे साहित्य खऱ्यासारखे, फक्त प्रेक्षक नसतात. त्याचप्रमाणे भूकंपाचीही तालीम घ्यावयाची. प्रथम कागदावर किंवा संगणकात भूमीची हालचाल निर्माण करावयाची, आणि मग ती एखाद्या घरावर, गणिताने वा प्रत्यक्ष, करून पाहावयाची.

भूकंप घडवावयाचा कसा?

पहिली रीत उसनवारीची. १८ मे १९४० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एल सेंट्रो येथे एका मोठ्या भूकंपाची उत्तम नोंद मिळाली. कित्येक वर्षे साऱ्या जगाने तीच नोंद, जरूर पडेल तशी लहानमोठी करून, वापरली. पण उसन्या अंगरख्याप्रमाणे ती सर्वांच्या अंगास बसत नाही. कॅलिफोर्नियातील खडक तुटलेले, भेगाळलेले. त्यांत लाटा लवकर विरतात. आपले पठार सलग व कठीण. त्यात लाटा अधिक दूरवर पोहोचतात. एकाच ठोक्याने तडा गेलेल्या घागरीचा आवाज वेगळा आणि देवळातल्या घंटेचा वेगळा, तसाच हा प्रकार होय.

दुसरी रीत निर्मितीची, आणि ती मोठी मौजेची आहे. भूकंपाची नोंद पाहिली तर ती निव्वळ गोंधळासारखी दिसते; रेषा कधी वर, कधी खाली, कशाचा कशाशी मेळ नाही. जॉर्ज हाउस्नर या अमेरिकन पंडिताने १९४७ साली सुचविले की, तिला गोंधळच मानून चालावे. ही कल्पना पुढे वाढत गेली. हँक्स व मॅकग्वायर यांनी १९८१ साली आणि डेव्हिड बूर यांनी १९८३ साली तिला भूगर्भशास्त्राची शिस्त लावली. संगणकाकडून आधी यदृच्छेने आकड्यांची एक मालिका काढून घेतात. नंतर तिला भूकंपाचा घाट देतात; आरंभी झपाट्याने वाढ, मध्ये काही सेकंद भर, शेवटी हळूहळू ओसर. मग धान्य चाळावे त्याप्रमाणे ती तीन चाळण्यांतून काढतात. पहिली चाळणी उगमाची: केवढा खडक सरकला व किती ताण मोकळा झाला. दुसरी वाटेची: किती अंतर कापताना कोणते कंप विरले. तिसरी स्थळाची: घराखाली पाषाण आहे, मुरूम आहे की खोल काळी माती. चाळण्यांतून जे उरते ते त्या विशिष्ट गावासाठी घडविलेले भूकंपाचे चित्र.

या तिसऱ्या चाळणीकडे आमच्या गृहिणी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. परातीत खरवस ठेवून परात किंचित हलविली तर परातीपेक्षा खरवस जास्त थरथरतो. पाषाणावरच्या मऊ मातीचे वागणे असेच असते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत उंच इमारती कोसळल्या, त्यास नदीकाठच्या गाळाची खोल जमीन आणि इमारतींची सदोष बांधणी, ही दोन्ही कारणे झाली.

तिसरी रीत थेंबे थेंबे तळे साचविण्याची. मोठा भूकंप म्हणजे एका लांब भेगेवरील अनेक लहान तुकड्यांचे एकामागून एक सरकणे. तेव्हा लहान धक्क्यांच्या खऱ्या नोंदी घ्याव्या, आणि योग्य क्रमाने व योग्य अंतराने त्यांची बेरीज करून मोठ्याचे चित्र उभे करावे, असे हार्टझेल यांनी १९७८ साली दाखविले. मोठ्या भूकंपानंतर मागाहून येणारे लहान धक्के टिपण्यासाठी शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन धावत जातात, त्याचे एक कारण हेही आहे.

दक्षिण भारतासाठी हे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रा. अय्यंगार व रघुकांत यांनी केले. द्वीपकल्पात मोठ्या भूकंपांच्या नोंदी तुटपुंज्या असल्यामुळे त्यांनी दुसऱ्या रीतीने संगणकात असंख्य भूकंप घडविले, आणि कोणत्या तीव्रतेचा धक्का किती अंतरावर किती प्रवेग देईल याची सूत्रे २००४ साली प्रसिद्ध केली. कोयना-वारणा परिसर, दक्षिण भारत आणि पश्चिम-मध्य भारत यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला आहे. आष्टीसारख्या गावाचा हिशेब मांडणाऱ्या इंजिनिअरला अशा सूत्रांपासूनच आरंभ करावा लागतो.

झोपाळा आणि घर

जमिनीची हालचाल हाती आली, तरी सर्व घरांवर तिचा परिणाम सारखा होत नाही. माजघरातील झोपाळ्याचे उदाहरण घ्या. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत लहान मुलाने हलकेच रेटा दिला तरी तो उंच जातो. लय चुकवून मोठ्या माणसाने रेटले तरी तो अडखळतो. प्रत्येक इमारतीस अशी लय असते. एकमजली दगडी घर एका सेकंदात अनेक वेळा हेलकावे खाते. दहामजली इमारतीस एका हेलकाव्यास सुमारे एक सेकंद लागतो. जमिनीचे कंप ज्याच्या लयीशी जुळले त्याची खैर नाही. म्हणून दक्ष इंजिनिअर एकाच कृत्रिम भूकंपावर समाधान मानीत नाही. तो सात, अकरा, कधी त्याहून अधिक निरनिराळ्या भूकंपांतून आपला आराखडा काढतो. एका तालमीत निभावले म्हणून प्रयोग रंगेलच असे थोडेच आहे?

कागदावरच्या या परीक्षेस प्रत्यक्षाची जोड हवीच. त्यासाठी हलते मंच असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात असे पहिले प्रयत्न झाले. आज जपानातच कोबेजवळ मिकी येथे २० मीटर लांब व १५ मीटर रुंद असा प्रचंड मंच आहे. २००५ साली सुरू झालेल्या त्या मंचावर १,२०० टन वजनाची आख्खी इमारत बांधून तिन्ही दिशांनी हलविता येते. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपाची खरी नोंद तेथे पुन्हा पुन्हा ‘वाजविली’ जाते, आणि कोणते घर टिकते ते पाहिले जाते.

आपल्या देशात रुरकी येथे १९६० साली डॉ. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीची शाळा निघाली. तिच्या आरंभीच्या काळातील एक युक्ती आमच्या मते अभिमानाने सांगण्याजोगी आहे. महागडा मंच नव्हता; तेव्हा तेथील मंडळींनी रेल्वेचे रूळ घातले, त्यांवर एक वाघीण उभी केली, तिच्यावर दगडाविटांची लहान मापाची घरे बांधली, आणि दुसरी जड वाघीण आणून तिच्यावर आदळविली! या धक्क्यांनी साधी घरे फुटली. परंतु दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारी भिंतींस वेढणारा लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा पट्टा घातलेली घरे उभी राहिली. पिंपाच्या फळ्यांस जशी लोखंडी कडी एकत्र धरते, तसा हा पट्टा भिंतींस धरून ठेवतो. पुढे महागडी यंत्रेही आली. पण गरिबाच्या घरास वाचविणारी शिकवण त्या वाघिणीनेही दिली.

तालमीवर आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. उगमाचे आकडे गृहीत, वाटेचे आकडे गृहीत, मातीचे आकडे अंदाजी. मग या कृत्रिम भूकंपावर किती भरवसा ठेवावा? याचे उत्तर असे की, भाकीत म्हणून मुळीच ठेवू नये. आष्टीस भूकंप होईल असे हे गणित म्हणत नाही. झालाच तर कोणत्या भिंती आधी फुटतील, एवढेच ते सांगते. आणि हे उत्तर आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी सहसा बदलत नाही. शेकडा १५ धरा की २५ धरा, आरपार दगड नसलेली मातीतली भिंत आणि तिच्यावरचे जड माळवद हेच पहिले बळी ठरतात. जेथे गृहीतकांचा खरा वाद आहे, तेथे, म्हणजे मोठी धरणे व उंच इमारती यांच्या बाबतीत, जास्त यंत्रे बसवून खऱ्या नोंदी मिळविणे हाच उपाय होय. किल्लारीनंतर २००२ साली मानक नकाशातून तो ‘निर्धोक’ असा पहिला विभागच काढून टाकण्यात आला, आणि किल्लारीचा परिसर वरच्या वर्गात गेला. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली-नांदेड-परभणीकडे साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के जाणवले. त्यांनी मोठी हानी केली नाही. परंतु पाषाण झोपलेला नाही, एवढी आठवण मात्र करून दिली.

आपल्या घरापुरते

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. किल्लारीची ठेच फार मोठी होती. तिच्यापासून घ्यावयाचा शहाणपणा मात्र साध्या गवंड्याच्या आवाक्यातला आहे. दगडमातीचे घर असेल, तर भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर घालून घ्यावे. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी गळती बंद करण्यासाठी नवी माती टाकण्याची चाल आहे. तिने वजन वर्षानुवर्षे वाढत जाते. जुनी माती काढल्यावाचून नवी टाकू नये. शक्य तर सारा थर पातळ करून हलके आच्छादन घालावे. लाकडी खांब व तुळई जेथे मिळतात तेथे तिरपे आधार द्यावे, म्हणजे भिंत पडली तरी सांगाडा छत तोलून धरण्याचा संभव वाढतो. नवे घर बांधताना भिंतीवरचा पट्टा गवंडी “काय करायचाय?” म्हणून गाळू पाहील, त्याचे ऐकू नये. खाली मोटारींसाठी सगळे मोकळे सोडून वर मजले चढविणाऱ्यास, खालच्या खांबांचा हिशेब भूकंपासाठी केला आहे काय, हे स्पष्ट विचारावे.

एकत्र कुटुंबात बहुधा वृद्ध मंडळी बाहेरच्या भिंतीलगत निजतात, आणि मुलांच्या अंथरुणावरच्या फळीवर तांब्या-पितळेची जड भांडी रचलेली असतात. ही मांडणी बदलण्यास ना इंजिनिअर लागतो ना पैसा. घरच्या कर्त्या माणसांनी एखाद्या रविवारी सर्वांना बरोबर घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. कोणती भिंत फुगली आहे, कोणता कोपरा सुटला आहे, माळवदावर किती माती चढली आहे, ते खडूने खूण करून ठेवावे, आणि पावसाळ्यापूर्वी गवंड्यास बोलवावे. अमके निर्दैवाने गेले असे आपण मागाहून म्हणतो. पण पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी छप्पर कोसळते ते दैवाने नव्हे, वजनाने.